शेखर दादरला राहिला

सोमवार, १ मे १९७८

निकाल लागला. शेखर तिसरी पास. गणितात पैकीच्या पैकी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं नाही. देवापुढे ठेवलं आणि चेंडू घेऊन पळाला. मी त्याच शाळेत शिकवते, गुण मला आधीच ठाऊक होते. तरी वाटलं, द्यायला काय झालं होतं.

दुपारी दादरहून अरुणमामा आले. मुलांच्या आईचे, म्हणजे शैलाताईंचे, धाकटे भाऊ. पेढे, मुलांना कपडे, मला ब्लाउजपीस. चहा पिता पिता खडा टाकला. "भाऊजी, शेखरला जूनपासून आमच्याकडेच ठेवू. शाळा बघून ठेवलीय मी. छबीलाही तिथंच बालवर्गात घालू. माईंच्या फार मनात आहे." माई म्हणजे त्यांची आणि शैलाताईंची आई.

हे म्हणाले, "बघू."

बघू! मी आत भजी तळत होते. झारा कढईवर आपटला तो बाहेर ऐकू गेलाच असेल. दोन वर्षं झाली लग्नाला. छबी मला आई म्हणते, तिला दुसरी आई आठवतच नाही. शैलाताई काविळीने गेल्या तेव्हा ती तीन महिन्यांची होती. शेखर मात्र मला अजून बाई म्हणतो. पहिलीत त्याला मीच शिकवत होते, तेच तोंडात बसलंय, असं मी लोकांना सांगते. खरं काय ते त्याला ठाऊक.

बुधवार, ३ मे

जेवताना ह्यांनी जाहीर केलं. "सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायची. म्हातारीचा बूट, राणीची बाग. माईंकडे राहू चार दिवस." पोरं ताटावरून उठून नाचली. छबीचं एकच पालुपद: म्हातारी बुटातच झोपते का? रागावते का?

मी हळूच विचारलं, "जाताना चौघं. येताना किती?"

"काय तरीच तुझं, कुसुम."

शुक्रवार, ५ मे

रहाटणीहून दादा आला, वांगी आणि दोन शेवग्याच्या शेंगा घेऊन. भावाला सांगायचं नाही तर कुणाला? सगळं सांगितलं. भडकला. "आगं, न्हाई म्हून सांग की! पोरं काय कोथिंबिरीची जुडी हाय व्हय, या हातातनं त्या हातात द्यायला?" म्हटलं, मी कोण सांगणारी? "तू कोन? रोज न्हाऊ-माखू कोन घालतंय त्यान्ला?" दादाला सगळं सोपं दिसतं. त्याच्या बैलांना पण त्याचं पटतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात ह्यांच्या कंपनीचा दुपारचा भोंगा झाला आणि छबी धापा टाकत घरात. भातुकली मैदानात तशीच टाकून. हा माझा नियम: भोंगा झाला की जिथं असशील तिथून सरळ घरी. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या गेटातून सायकलींचा लोंढा येतो, त्यात ट्रक घुसतात. कॉलनीतल्या एका मुलीचा पाय चाकाखाली आला तेव्हापासून मी छबीकडून हे पाठच करून घेतलंय. दादा म्हणाला, "लई शिस्तीची हाय की पोर." मला बरं वाटलं. शेखर नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी, खिशात हात घालून.

सोमवार, ८ मे

ह्यांची या आठवड्यात ति.पा. म्हणजे तिसरी पाळी. बुधवारची रात्र भरायची आणि गुरुवारी सकाळी थेट एस.टी. गुरुवार म्हणजे आमच्या पिंपरीच्या सगळ्या कारखान्यांचा रविवार, तेवढी एक रजा वाचते. म्हटलं, "आणि झोप?" "गाडीत." रात्री जागणाऱ्या माणसाची झोप अशी सांगून येते का? पण ऐकतो कोण.

बॅग भरली. शेखरचे कपडे घेताना हात थांबला. चार दिवसांचे घ्यायचे की सगळे? चारच दिवसांचे घेतले. वर त्याचा शाळेचा गणवेश धुऊन, इस्त्री करून इथल्या कपाटात टांगला. मुद्दाम. हे बघून गेले.

गुरुवार, ११ मे, दादर

पोचलो एकदाचे. घाटात छबीला तीन वेळा उलटी, तिसरी माझ्या नव्या पातळावर. हे घाट उतरेपर्यंत मान टाकून झोपलेले. शेखर खिडकीशी, नखं खात. पनवेल गेल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. "आता आलंच," स्वतःशीच म्हणाला.

माईंनी दारात मुलांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोन खोल्या, पुढे गॅलरी, भिंतीवर शैलाताईंचा फोटो, ताजा हार. शेखरने बूट काढले न काढले आणि फोटोपुढे जाऊन उभा राहिला. छबीने विचारलं, "ह्या कोण?" मी म्हटलं, "ती तुझी मोठी आई." माईंनी माझ्याकडे बघितलं. काय अर्थ घ्यायचा कळलं नाही.

माई माझ्याशी वाईट वागत नाहीत. तेच तर. "तुम्ही बसा. तुम्ही दमलात. तुमच्याकडे पाण्याचे हाल असतील ना." तुम्ही, तुम्ही, तुम्ही. पाहुणीला म्हणतात तसं. संध्याकाळी शेखर म्हणाला, "बाई, माझा टॉवेल कुठंय?" तर शेजारच्या काकू हळूच माईंना विचारतात, कामाला बाई बरोबर आणलीय का? माई म्हणाल्या, "नाही हो, जावयाची दुसरी." दोन्हीपैकी कोणतं जास्त लागलं ते आज ठरवत नाही.

शुक्रवार, १२ मे

म्हातारीचा बूट. रांग ही एवढी. आत चढून वरच्या खिडकीतून तोंड काढायचं, खालून आईबापांनी हात हलवायचे. छबीने आत जाऊन सगळे कोपरे तपासले आणि भोकाड पसरलं. म्हातारी कुठाय? रांगेतली एक बाई म्हणाली, "बाजारात गेलीय गं, भाजी आणायला." झालं. मग म्हातारी परत येईपर्यंत इथून हलायचं नाही! आइस्क्रीमवर तह झाला.

शेखर वर गेलाच नाही. खाली उभा राहून खिडकीकडे बघत होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "मला त्या खिडकीत आईने उभं केलं होतं. पिवळी साडी होती." म्हटलं, "चल, आपण दोघं जाऊ वर." "नको. मी मोठा झालोय." मग बराच वेळ माझ्यापासून चार हात लांब चालला. मी पण जवळ जायची घाई केली नाही. पोराला आई आठवली तर आपण कुठं उभं राहायचं, हे कुणी शिकवत नाही.

रात्री अरुणमामा परत शाळेचं काढून बसले. फी, गणवेश, मैदान. हे ऐकत होते. मान डोलत होती. होकाराची की झोपेची, देव जाणे.

शनिवार, १३ मे

लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

राणीची बाग. माई गुडघ्यांमुळे घरीच. आम्ही चौघंच. हत्ती बघितला, हरणं बघितली, डबा खाल्ला. दुपारी ऊन मी म्हणत होतं. ह्यांचं ति.पा.चं अंग, जेवल्यावर डोळे मिटायला लागले. माकडांच्या पिंजऱ्यासमोर एक बाकडं मिळालं. फिरकीचा तांब्या रिकामा झाला म्हणून मी पाणी आणायला गेले. ह्यांना सांगितलं, "लक्ष ठेवा." शेखरला सांगितलं, "छबीचा हात सोडू नकोस." दोघांनीही हो म्हटलं.

नळावर गर्दी. तिथं उभी असतानाच भोंगा ऐकला. जवळच कुठली तरी गिरणी असणार. ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटलं मला! चक्क हसले असेन.

परत आले तर हे तोंडावर पेपर घेऊन झोपलेले. शेखर पिंजऱ्याशी, हातात शेंगदाण्यांची पुडी. छबी नाही.

"छबी कुठंय?" शेखर वळला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "कुठंय ती? कुठंय?"

त्यानंतर कशी आणि कुठं कुठं धावले ते नीट आठवत नाही. हे एका दिशेला, मी दुसऱ्या. "छबे! छबे!" माझा आवाज मलाच अनोळखी. हरणांकडे, हत्तीकडे, पाण्याच्या टाक्याकडे. टाक्यात वाकून बघितलं. लाल फ्रॉकची प्रत्येक पोर छबी वाटायची. एका आईने तर आपली मुलगी माझ्या हातातून हिसकावून घेतली. जेजुरीच्या खंडोबाला काय काय बोलून बसले. आणि मनात, खोटं का लिहू, छबीच्या बरोबरीने दुसरंही एक होतं: आता दोघंही जाणार. माझ्याजवळ ठेवायला आता कोण देणार.

सापडली. फाटकाजवळच्या चौकीत, बाकावर बसून बिस्किट खात होती. शेजारी एक गिरणीकामगार, खांद्याला टॉवेल, हातात डबा. रत्नागिरीकडचे असावेत. "माझ्या मागून चालत होती ओ, रस्त्याने. कुठं चाललीस गो विचारलं तर म्हणते, घरी." पोलिसांनी विचारलं, घर कुठं? "कंपनीच्या मागं." कुठली कंपनी? "बाबांची." बाबांचं नाव काय? "बाबा."

मी तिला छातीशी धरलं. फटका द्यायला उचललेला हात तिच्या पाठीवरच राहिला. "कशाला गेलीस गं? कुणी नेलं तुला?"

"कुणी नाही. भोंगा झाला ना!" माझ्यावरच वैतागून म्हणाली. भोंगा झाला, गेटाबाहेर डबेवाली माणसं चाललेली, त्यांच्या मागून गेलं की घर येतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी शिकवलं तस्संच तिने केलं.

त्या गृहस्थांनी चहासुद्धा घेतला नाही. "पाळी सुटलीय, घरी वाट बघतील," म्हणून गेले.

येताना हे म्हणाले, "माईंना नको सांगायला." मी हो म्हटलं. आमच्या लग्नात इतक्या पटकन कुठल्या गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. शेखर दोघांच्या मधून चालत होता, खाली बघत.

रविवार, १४ मे

व्हायचं तेच झालं. सकाळी आंघोळी उरकल्या, माई छबीला भरवत होत्या. छबी म्हणाली, "पोलिसकाकांनी मला बिस्किट दिलं. आई रडली. बाबा एकच चप्पल घालून आले."

माईंनी घास ताटात ठेवला. एकेक करून सगळं काढून घेतलं, छबीकडूनच.

मग माझ्याकडे वळल्या. "तू पोरीला एकटी सोडलीस?" पहिल्यांदाच मला तू म्हणाल्या. मी सांगितलं, "माझं चुकलं. भोंग्याचं मीच शिकवलंय तिला." त्या म्हणाल्या, "एक पोर दिली होती तुमच्या त्या पिंपरीला. धडधाकट. परत आली नाही. आता ही दोघं मी तिकडे पाठवणार नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता बोलतील, मला झोप लागली होती म्हणतील. हे पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होते. अरुणमामा म्हणाले, "भाऊजी, आता तरी विचार करा." हे म्हणाले, "छबी लहान आहे हो." म्हणजे काय? शेखर मोठा आहे म्हणून द्यायचा?

आणि त्याच वेळी शेखर म्हणाला, "मी राहतो. छबीला जाऊ दे."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो फोटोकडे बघत होता. माईंनी त्याला जवळ ओढलं आणि रडल्या. भांडणच मिटलं. एक इकडे, एक तिकडे. वाटणी झाली.

सोमवार, १५ मे, घरी

तिघं परत आलो. शेखर एस.टी. स्टँडवर आला होता मामांबरोबर. मी विचारलं, "नक्की राहायचंय?" मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. छबीने त्याच्या शर्टाला धरून ठेवलं होतं, बोटं एकेक करून सोडवावी लागली. घाटात तिला उलटी झाली नाही. सगळा रस्ताभर विचारत होती, दादा पुढच्या गाडीत आहे का?

कपाट उघडलं तर समोर गणवेश. दार लावून टाकलं.

गुरुवार, १८ मे

सुट्टीचा दिवस. दोघं घरात आणि घर खायला उठलेलं. शेवटी मीच तोंड उघडलं. "त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलायचं होतं?"

"झोप लागली होती एवढंच."

म्हणाले, "शैला गेली तेव्हा मी पाळीवर होतो. निरोप आला तोवर सगळं संपलं होतं. त्या वेळी माई एकच वाक्य बोलल्या, तुम्ही जवळ नव्हतात. आता परत कोणत्या तोंडाने सांगू, जवळ होतो पण झोपलो होतो?"

हे मला आजवर सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं फार. रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे आज कळलं. भाकरी करपल्या.

बुधवार, २४ मे

छबी भोंग्याला घरी येत नाही. भोंगा झाला की मैदानात जागच्या जागी उभी राहते आणि रडते. मी धावत जाऊन आणते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. दृष्ट कसली, मीच दोन शिकवणी दिल्यात पोरीला. आधी भोंगा झाला की पळ, आणि आता, भोंगा झाला तरी आई दिसल्याशिवाय हलायचं नाही. तिने कुठली ऐकायची?

रविवार, ४ जून

अरुणमामांचा निरोप, ह्यांच्या कंपनीतल्या एका मुंबईच्या माणसाकरवी: शेखरचा शाळा सोडल्याचा दाखला लवकर पाठवा, जागा धरून ठेवलीय. आमच्या शाळेत दाखले मीच लिहिते, हेडमास्तर फक्त सही करतात. म्हणजे माझ्याच हाताने. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात काय लिहू? पालकांची बदली? पालक बदलले?

ह्यांनी विचारलं, "कधी लिहितेस?" म्हटलं, "शाईची दौत सांडलीय." हे हसले नाहीत.

गुरुवार, ८ जून

दादा आला. छबीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं. जाताना मला म्हणाला, "त्यो मंग सवताच राह्यला म्हनतीस. खरं. पर तू त्याला चल म्हनलीस का?"

मी? मी विचारलं होतं, नक्की राहायचंय?

"ते इचारनं झालं. चल म्हननं येगळं आस्तंय, कुसे."

भाकरी थापता थापता रडू आलं. पहिलीच्या वर्गात साठ पोरांना चला म्हणते रोज. चला पाट्या काढा, चला रांग करा. घरातल्या एकाला म्हणायला जीभ उचलली नाही. मला वाटायचं, माझा हक्क पोचत नाही तिथपर्यंत. तो नाही म्हणाला असता तर तोंड कुठं लपवू, हीच भीती, दुसरं काय.

शुक्रवार, ९ जून

ह्यांना सांगितलं, उद्या पहिल्या गाडीने मी आणि छबी दादरला जातोय. विचारलं नाही, सांगितलं. ह्यांची पहिली पाळी. "गुरुवारी जाऊ की, मी पण येतो."

"सोमवारी शाळा सुरू होतेय."

डबा भरताना बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माईंना सांग, मी झोपलो होतो म्हणून."

"ते तुम्हीच येऊन सांगा," म्हटलं. "मी माझ्यापुरतं बोलायला चाललेय." कपाटातून गणवेश काढला, परत टांगला. पिशवीत घालून नेणं म्हणजे आधीच ठरवून आल्यासारखं दिसेल. न नेणं म्हणजे? शेवटी नेला नाही.

शनिवार, १० जून, दादर

दुपार. सगळे आडवे झालेत म्हणून लिहायला मिळतंय. पाचच्या गाडीने निघायचंय.

दार शेखरनेच उघडलं. उंच झालाय की वाळलाय. छबी त्याच्या अंगावरच पडली. "बाई, पाणी देऊ?" एवढंच मला म्हणाला आणि आत गेला.

माईंनी पहिला प्रश्न केला, "दाखला आणलास?" अजून तू म्हणतात. ते तेवढं राहिलं.

"नाही आणला, माई. आणणार पण नाही. शेखरला न्यायला आलेय."

"त्याचं त्याने ठरवलंय. माझ्या तोंडावर कशाला येतेस? विचार त्याला."

गॅलरीत गेले. तो कठड्याच्या गजांना धरून रस्ता बघत होता. म्हटलं, "शेखर, चल घरी."

खाली बघतच म्हणाला, "मी हात सोडला होता."

"काय?"

"छबीचा. माकडाला दाणे टाकायचे होते. पुडी धरायची आणि सोलायचे, दोन्ही हात लागतात. तुम्ही सांगितलं होतं सोडू नको. आणि तुम्ही माईआजीला सांगितलं, तुमचं चुकलं." गजावरचा रंग नखाने खरवडायला लागला. "मी घरी आलो आणि परत सोडला गेला तर?"

महिनाभर हे पोर हे ओझं घेऊन इथं बसलं होतं. आणि मी आपली समजत होते, त्याला मी नको. त्या दिवशी त्याचा दंड धरून हलवलं होतं ते आठवलं आणि माझीच लाज वाटली. त्याला खाली बसवलं, समोर बसले. "हे बघ. भोंग्याचं मी शिकवलं. झोपले तुझे बाबा. हात तू सोडलास. तिघांचं मिळून झालं ना? मग तू एकट्यानेच का इथं राहायचं?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मागे माई उभ्या होत्या, हातात तांदळाचं ताट. कधीपासून होत्या कोण जाणे. सगळं ऐकलं होतं. ह्यांच्या झोपेचंही. मी सांगायचं नव्हतं ते मीच सांगून बसले.

मला वाटलं आता भडकतील. त्या ताट घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "त्याला झोप लागली होती होय," एवढंच म्हणाल्या, ह्यांच्याबद्दल. मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. शेखरला आत पाठवलं आणि मला म्हणाल्या, "कुसुम, शैला गेल्यापासून मला रात्रीचा डोळा लागत नव्हता. हा कुशीत असला की लागतो. महिनाभर झोपले मी. तू नेलास तर मी काय करू, ते सांग."

काय सांगणार? भांडायला सगळी तयारी करून आले होते. घाटात मनातल्या मनात चार उत्तरं घोकली होती. त्यातलं एकही याला चालेना. म्हटलं, "तुम्ही चला ना माई आमच्याकडे." त्या म्हणाल्या, "त्या घरात?" आणि पदर डोळ्यांना लावला. ज्या घरात लेक गेली त्या घरात या म्हणणारी मी तरी कोण. पण बोलले ते मनापासून बोलले.

जेवणं झाली. माईंनी शेखरला न विचारता दोनदा भात वाढला. त्याने सगळा संपवला. छबी माईंच्या मांडीवरच झोपली. कुणी ठरवलं काहीच नाही.

आणि आता हा शेखर. चटई उचलून घेऊन गेला आणि बाहेरच्या दारात, उंबऱ्याला लागून आडवा पसरलाय. हा दारात कधी झोपत नाही, माई म्हणाल्या. डोळे घट्ट मिटलेत, पापण्या हलतायत. दोन्ही हात छातीवर बांधून घेतलेत.

झोपलेल्या पोराला ओलांडायचं नसतं, वाढ खुंटते. हे माई मानतात. मीही मानते, माझ्या आईने आम्हाला कधी ओलांडलं नाही. म्हणजे जायचं असेल तर त्याला हाक मारून उठवावं लागणार. त्याला घेऊन जायचं असलं तरी, इथं ठेवून जायचं असलं तरी.

साडेचार होत आले. पिशवी माझ्या पायाशी. माई आतून आल्या आहेत, छबीला खांद्यावर घेऊन. त्याही त्याच्याकडेच बघतायत. मग माझ्याकडे बघितलं. दोघींपैकी कुणाच्याही तोंडून अजून हाक निघत नाही.